बाजूला बसलेले मूल

शाळेची मधली सुट्टी होते. मुले जेवतात, ताटे धुतात आणि अंगणात धावतात. कोणी लगोरी रचतो. कोणी विटी-दांडू काढतो. मुलींची ठिकरी सुरू होते. पाच मिनिटांत सारे अंगण गजबजून जाते.

या गर्दीत नीट पाहिले तर दोन-चार मुले बाजूला दिसतात. समजा, आज अशी तीन मुले आहेत. एक मुलगा लिंबाखाली बसला आहे. मुंगळ्यांची रांग कुठे जाते ते तो बघतो आहे. एक मुलगी भिंतीला टेकून उभी आहे. तिची नजर ठिकरीवरून हलत नाही. आणि एक मुलगा पायरीवर बसला आहे. तो मघाशी लगोरीत गेला होता. लगेच परत आला.

लांबून बघणाऱ्याला तिघेही सारखेच वाटतात. "घुमी पोरं आहेत झालं!" असे म्हणून आपण पुढे जातो.

पण तिघांची गोष्ट वेगळी आहे. लिंबाखालच्या मुलाला एकटे राहणे आवडते. कोणी बोलावले तर तो जाईल, हसेल, खेळेल. नाही बोलावले तरी त्याचे काही अडत नाही. भिंतीजवळच्या मुलीला खेळायचे आहे. फार फार खेळायचे आहे. पण तिला भीड वाटते. मी चुकले तर? सगळ्या हसल्या तर? या धाकाने तिचा पाय उचलत नाही. पायरीवरच्या मुलाला ना एकटेपणा आवडतो, ना भीड वाटते. त्याला इतरांनी घेतलेच नाही.

एकाला नको आहे. एकीला हवे आहे, पण धीर होत नाही. एकाला हवे आहे, पण मिळत नाही. मुलांच्या मनाचा अभ्यास करणारे लोक हे तीन प्रकार वेगळे धरतात. आपल्या भाषेतही वेगवेगळे शब्द आहेतच की. एकलकोंडा वेगळा. बुजरा वेगळा. वाळीत टाकलेला वेगळा. शब्द आहेत, पण वापरताना आपण ते एकात एक मिसळतो.

आता आमचा प्रश्न असा आहे. आपण मोठी माणसे फसतो, ते एक असो. पण त्या अंगणातली बाकीची मुले काय समजतात? सहा-सात वर्षांच्या पोरांना हा फरक कळतो का? हे जाणून घ्यायला हवे. कारण बाजूला बसलेल्या मुलाचे रोजचे सुखदुःख आपल्या हातात थोडे आणि त्या पोरांच्या हातात फार आहे.

कॅनडा नावाचा एक मोठा, थंड देश आहे. ओटावा ही त्याची राजधानी. तिथल्या विद्यापीठातले रॉबर्ट कोपलान आणि त्यांचे सहकारी यांनी हाच प्रश्न मुलांना विचारून पाहिला. बालवर्गातली आणि पहिलीतली 137 मुले त्यांनी घेतली. मुलांचे वय सरासरी सहा वर्षांच्या थोडे वर होते. एकेका मुलाला वेगळे बसवून त्यांनी काही मुलांच्या गोष्टी सांगितल्या. गोष्टी मुद्दाम रचलेल्या होत्या. एका गोष्टीत बुजरे मूल होते. दुसरीत एकटे खेळणे आवडणारे मूल होते. तिसरीत मारकुटे मूल होते. चौथीत सगळ्यांशी मिळून वागणारे मूल होते. मग प्रश्न विचारले. हे मूल मुद्दाम असे वागते का? याच्याबद्दल तुला वाईट वाटते का? तू याच्याशी खेळशील का? अशा तऱ्हेचे ते प्रश्न होते.

या कामाची हकिकत 2007 साली छापून आली. काय दिसले? एवढ्याशा मुलांनीही चौघांना एका मापाने मोजले नाही. मुद्दाम कोण वागते, कीव कोणाची येते, दोस्ती कोणाशी करावी, या तिन्ही बाबतींत त्यांनी फरक केला. म्हणजे बुजरा आणि एकलकोंडा यांत काही वेगळे आहे, हे सहा वर्षांच्या मुलाला उमगते. कोणी पुस्तकातून शिकवलेले नसताना उमगते. आम्हाला तरी याचे मोठे नवल वाटले.

पण इथे एक मेख आहे. गोष्टीत सगळे उघड सांगितलेले असते. "या मुलीला खेळायचं आहे, पण ती लाजते," असे सांगणारा तिथे कोणी तरी असतो. अंगणात असे सांगणारा कोण? भिंतीजवळ उभी असलेली मुलगी स्वतःहून काही बोलत नाही. बोलता येत नाही हेच तर तिचे दुखणे. मग मुले जे दिसते त्यावरून अंदाज बांधतात. आणि अंदाज चुकतो.

कसा चुकतो ते बघा. ठिकरी खेळणारी एक मुलगी हाक मारते, "ए, येतेस का गं?" भिंतीजवळच्या मुलीच्या पोटात गोळा येतो. सगळ्यांच्या नजरा तिच्याकडे वळलेल्या असतात. ती मान हलवते, "नाही." तिला म्हणायचे असते, "आता नाही, जरा थांब." पण तोंडातून निघते ते नुसते "नाही." हाक मारणारी मुलगी ते खरे मानते. तिने का मानू नये? उद्या ती पुन्हा विचारते. पुन्हा "नाही." परवा विचारत नाही. आठवडाभराने ती मैत्रिणीला सांगते, "तिला आपल्याशी खेळायचंच नसतं. शिष्ट आहे ती."

झाले! भीड होती, तिचे नाव शिष्टपणा पडले. यात दुष्टपणा कोणाचाच नाही. एकीने हाक मारली. एकीने नकार दिला. दोघीही आपापल्या परीने खऱ्या. तरी एक मुलगी वर्षभर भिंतीजवळ राहिली.

वयाचाही यात भाग आहे. अगदी लहान, पहिलीतल्या मुलांच्या नजरेत मारकुटा मुलगा चटकन भरतो. कोणी चिमटा काढला, कोणी पाटी फोडली, हे त्यांना बरोबर सांगता येते. पण गप्प बसणारे मूल त्यांच्या नजरेला तितके पडत नाही. ते कोणाला त्रास देत नाही, मग त्याची आठवण कोण ठेवणार? मुले मोठी होत जातात तशी ती गप्प मुलालाही ओळखू लागतात. तिसरी-चौथीनंतर "हा आपल्यातला नाही" असे त्यांना वाटू लागते. म्हणून पहिली-दुसरीची वर्षे फार मोलाची आहेत. तेव्हा बाजूला बसलेल्या मुलावर अजून कसला शिक्का बसलेला नसतो.

आता पायरीवरच्या मुलाकडे येऊ. त्याच्याबद्दल बोलणे जरा अवघड आहे. पण बोलले पाहिजे.

त्याला लगोरीत का घेतले नाही? कधी कारण साधे असते. तो चिडका आहे, डाव आला की खेळ मोडतो. मुले अशाला टाळतात, आणि त्यात त्यांचे फार चुकते असे नाही. पण कधी कारण वेगळेच असते. तो दिवाळीच्या सुमारास आईबापांबरोबर ऊसतोडीला गेला. उसाच्या फडावर पाच-सहा महिने राहिला. परत आला तोवर मुलांच्या जोड्या जमल्या होत्या. बाकावरची त्याची जागा दुसऱ्याने घेतली होती. धडे पुढे गेले होते, आणि खेळांचे नियमही बदलले होते. तो आता आपल्याच वर्गात पाहुणा झाला. किंवा त्याच्या घरी पावरी बोलतात, कोरकू बोलतात, गोरमाटी बोलतात. शाळेतली मराठी त्याला अजून नीट येत नाही. तो बोलला की मुले हसतात. म्हणून तो बोलत नाही. मग मुले म्हणतात, "याला काही येतच नाही."

आणि कधी कारण याहून वाईट असते. "त्या आळीतल्या पोराशी खेळू नकोस," असे कोणी तरी घरात बोललेले असते. मुलगा ते शाळेत घेऊन येतो. सहा वर्षांच्या पोराला जात स्वतःहून कळत नाही. ती त्याला घरात कळते. ओट्यावर बसून आपण काय बोलतो, ते पोरे ऐकत असतात. आपल्याला वाटते ती खेळात दंग आहेत.

गंमत अशी की बाहेर ठेवलेला मुलगाही हळूहळू म्हणू लागतो, "मला नाही खेळायचं. मला एकट्यालाच आवडतं." तो लिंबाखालच्या मुलासारखा बोलतो. पण त्याचे डोळे लगोरीकडे असतात. मुलाच्या बोलण्यापेक्षा त्याच्या डोळ्यांवर लक्ष ठेवावे. खरोखर एकटेपणा आवडणारे मूल आपल्या मुंगळ्यांत रमलेले असते. बाकीचे दोघे दुसऱ्यांचा खेळ बघत असतात.

मुले मोठ्यांकडून किती उचलतात, याचा एक दाखला चीनमधून मिळतो. चीनमध्ये शांघाय नावाचे मोठे शहर आहे. तिथल्या प्राथमिक शाळांतल्या मुलांची पाहणी शिनयिन चेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तीनदा केली. एकदा 1990 साली, मग 1998 साली, मग 2002 साली. 1990 मध्ये लाजरीबुजरी मुले वर्गात मागे नव्हती. इतर मुले त्यांना मान देत होती. गुरुजी त्यांना चांगली म्हणत होते. अशा मुलांना वर्गाचे पुढारपणही मिळत होते. 1998 मध्ये चित्र मिसळलेले दिसले. थोडे बरे, थोडे वाईट. आणि 2002 मध्ये? तशाच बुजऱ्या मुलांना आता इतर मुले दूर लोटत होती. ती मुले उदास दिसत होती.

बारा वर्षांत काय झाले? बुजरी मुले काही बदलली नव्हती. भोवतालचा गाव बदलला होता. आधी तिथे शांत, भिडस्त माणसाला लोक भला माणूस म्हणत. मग व्यापार वाढला, नोकरीसाठी चढाओढ लागली. बोलका, पुढे घुसणारा माणूस हवा, असे लोक म्हणू लागले. मोठ्यांचे माप बदलले, तसे मुलांचेही बदलले, असे या अभ्यास करणाऱ्यांना वाटते.

आपल्याकडे काय आहे? मुलगी गप्प असली तर आपण म्हणतो, "गरीब आहे हो पोर. आवाज म्हणून नाही." हे कौतुक झाले. मुलगा गप्प असला तर म्हणतो, "पोरीसारखा लाजतोस काय?" ही टिंगल झाली. दोन्ही बोलणी आम्हाला पटत नाहीत. पहिल्यात मुलीची भीड गुण ठरते आणि ती कोणी कधी दूर करत नाही. दुसऱ्यात मुलाची भीड दुप्पट होते. आणि दोन्ही वेळा शेजारी उभी असलेली चार मुले ऐकत असतात. उद्या अंगणात तेच शब्द वापरले जातात. पाहुण्यांसमोर "हा घुमाच आहे" असे म्हणणे तर सोडूनच द्यावे.

मग करायचे काय?

आपल्या खेळांत एक फार शहाणी रीत आहे. लहान किंवा कच्च्या गड्याला आपण 'लिंबूटिंबू' करतो. कोणी त्याला 'कच्चा लिंबू' म्हणतात. तो सगळ्यांबरोबर धावतो. पण बाद होत नाही, आणि त्याच्यावर राज्य येत नाही. बुजऱ्या मुलाला धाक असतो तो चुकण्याचा आणि हसण्याचा. लिंबूटिंबूला चुकण्याचा धाक नाही. ही रीत कोणी काढली कोणास ठाऊक, पण बुजऱ्या मुलाला ती नेमकी उपयोगी पडते. एक मात्र सांभाळावे. "तू लिंबूटिंबू!" असे चिडवून म्हटले तर त्याच रीतीची शिक्षा होते. आणि चार दिवसांनी त्याला खरा गडी करावे. कायम लिंबूटिंबू राहणे कोणालाही आवडत नाही.

दुसरी गोष्ट अमेरिकेत करून पाहिलेली आहे. 1979 साली तिची हकिकत छापून आली. चार-पाच वर्षांची काही एकटी पडलेली मुले होती. त्यांतल्या काहींना वयाने लहान अशा एकेका मुलाबरोबर खेळायला बसवले. काहींना बरोबरीच्या मुलाबरोबर बसवले. काहींना तसेच राहू दिले. असे दहा वेळा खेळवले. नंतर वर्गात पाहिले तर खेळलेली मुले अधिक मिसळू लागली होती. त्यातही लहान मुलाबरोबर खेळलेल्यांना जास्त गुण आला होता. कारण उघड आहे. लहानग्यापुढे आपण मोठे असतो. खेळ कसा मांडायचा ते आपण सांगतो, आणि तो ऐकतो. ज्याने कधी पुढाकार घेतला नाही, त्याला पुढाकाराची सवय होते.

हे आपल्या गावात अवघड नाही. लहान गावच्या शाळेत दोन-तीन इयत्ता एकाच खोलीत बसतात. गुरुजींनी भिंतीजवळच्या मुलीला पहिलीतल्या एका पोरीला अक्षरे गिरवून घ्यायला सांगितले, तर काम झाले. घरी शेजारचे लहान मूल असते. दोघांना अंगणात सागरगोटे देऊन सोडावे. आणि आपण तिथून उठून जावे. माणूस बघत बसला की बुजरे मूल आवळून बसते.

पायरीवरच्या मुलाला मात्र याने भागणार नाही. त्याला दार उघडून द्यावे लागते, आणि ते मोठ्यांचे काम आहे. अमेरिकेतल्या शिकागो शहरात व्हिवियन पेली नावाच्या एक शिक्षिका होत्या. बालवर्गाला शिकवत. त्यांनी वर्गात नियम केला की, 'तू आमच्यात खेळायचं नाहीस' असे कोणी कोणाला म्हणायचे नाही. यावर त्यांनी 1992 साली पुस्तक लिहिले. नियम करण्याआधी त्यांनी मोठ्या वर्गांतल्या मुलांनाही विचारून पाहिले. नियम न्यायाचा आहे हे मुलांना दिसत होते. पण तो चालेल का, याची शंका मोठ्या मुलांना होती. आमचे मत असे आहे की, आपल्या शाळांतही हा नियम पहिलीपासून असावा. दोस्त कोणाला करायचे ते मुलाने ठरवावे. पण शाळेचे अंगण सगळ्यांचे आहे. तिथल्या लगोरीतून कोणाला हाकलण्याचा हक्क कोणालाही नाही.

घरी आपण एक करू शकतो. रात्री जेवताना आपल्या पोराला विचारतो, "आज काय शिकवलं?" त्याबरोबर हेही विचारावे, "आज खेळताना बाजूला कोण होतं?" पोरगी म्हणेल, "ती होती की. ती रोजच असते." "का गं?" "शिष्ट आहे." मग शिकवण न देता नुसते विचारावे, "तिला नको असतं, का भीती वाटते? तुला काय वाटतं?" ती विचार करील. ओटाव्यातल्या मुलांनी केला, तसा आपली मुलेही करतात. त्यांना विचारणारे कोणी हवे. आणि सांगून ठेवावे की, सगळ्यांसमोर मोठ्याने "येतेस का?" विचारू नकोस. जवळ जा. "माझी ठिकरी धर जरा," असे म्हण. एका कामाला हो म्हणणे सोपे असते.

लिंबाखालच्या मुलाला ओढून आणायची गरज नाही. अधूनमधून त्याला हाक मारावी, एवढे पुरे. तो आला तर आनंद, नाही आला तरी आनंद. त्याच्या मुंगळ्यांबद्दल विचारले तर तो पुष्कळ सांगेल.

दोन गोष्टी मात्र भीड म्हणून सोडून देऊ नयेत. काही मुले घरी घडाघडा बोलतात आणि शाळेत महिनोन् महिने एक शब्द काढत नाहीत. नव्या शाळेचा पहिला महिना सोडून द्यावा. पण पुढेही असेच चालले तर तो हट्ट समजू नये. ती एक प्रकारची घट्ट बसलेली भीती असते. मारून किंवा लालूच दाखवून ती जात नाही. डॉक्टरांना दाखवावे. यावर उपाय आहेत, आणि लवकर केले तर चांगला गुण येतो.

दुसरी गोष्ट कानाची. ज्याला कमी ऐकू येते ते मूल खेळात मागे पडते. हाक ऐकू येत नाही, नियम कळत नाहीत, मग ते बाजूला होते. मुलांना वाटते हा आपल्याला जुमानत नाही. कान फुटणे, कानातून पू येणे हे आपल्याकडे फार, आणि आपण ते अंगावर काढतो. 2013 सालापासून राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम सुरू झाला आहे. त्याचे पथक सरकारी शाळेत आणि अंगणवाडीत येऊन मुलांना तपासते. त्यात कानही बघतात, आणि पुढचे उपचार फुकट होतात. पथक येईल त्या दिवशी मुलाला शेतावर नेऊ नका. आपणही शाळेत जा, आणि डॉक्टरांना सांगा की, मागून हाक मारली तर हा वळून बघत नाही.